केवडीचं ठाण

“मग चांगला तबेला ओळखायचा तरी कशावरून, बाबा?”

दलपत गिरासेनं हे परत विचारलं. खेमपुरी बाबा धुनीतली राख सारखी करत बसले होते.

तापीकाठच्या आमच्या मठात माणसं येतात ती पोरीचं लग्न, कोर्टाची तारीख, असलं काहीतरी घेऊन. घोडी कुठं ठेवू, हे विचारायला आलेला हा पहिलाच. त्यात गिरासे, रजपुताचं रक्त! मोडेल पण वाकणार नाही.

त्याचं सगळं ठरलं होतं. बायको जाऊन वर्ष झालं होतं, घरी दुसरं कुणी नव्हतं, आता पायी नर्मदेची परिक्रमा करायची. बाबांनी एकच अट घातली होती. आधी घोडीची सोय, मग आशीर्वाद.

“काय काय बघितलंस?” बाबांनी विचारलं.

“नाक्यावरचा फार्म बघितला. फरशी, पंखे, फिल्टरचं पाणी. कॅमेरे लावलेत, घोडी मोबाईलवर दिसते.”

“परिक्रमेत मोबाईल बघत चालणार?”

दलपतनं खांद्यावरचं उपरणं सारखं केलं.

“आणि परतलाच नाहीस तर?”

“मालकाला सांगून टाकलंय. नाही आलो, तर घोडी तुमची.”

बाबांनी त्याच्याकडे पाहिलं. मग गुडघ्यावर हात टेकून उठले आणि अंगणात गेले.

लिंबाखाली केवडी उभी होती. रंग केवड्याचा, म्हणून नावही तेच. तोंडावरच्या मोहरकीची गालपट्टी मात्र तळहाताएवढी रुंद, तिच्यावर कवड्या आणि लोकरीचे गोंडे. वरातीच्या घोडीला शोभावी अशी पट्टी, आणि ही रोजची बांधलेली.

बाबांनी गाठीला हात घातला.

“बाबा, राहू द्या…”

पट्टी खाली आली.

डोळ्याच्या बरोबर खाली केसांचा भोवरा. पाणी ओघळून सुकलंय असं वाटावं असा. आसूढाळ! आमच्याकडे घोडं घेताना माणूस दात नंतर बघतो, भोवरे आधी. आसूढाळ घोडं दारात बांधलं की त्या घरात रडारड होते, हे शेंबडं पोरही सांगेल.

दलपतनं तोंड फिरवलं होतं.

“खरारा करताना तरी सोडतोस का ही?” बाबांनी विचारलं.

“पट्टीच्या भोवतीनं करतो.”

पट्टीखाली कातडी सोलवटली होती. माशी येऊन बसली, बाबांनी हातानं हाकलली. मला असा संताप आला म्हणता! मुक्या जनावराच्या तोंडाला वर्षभर पट्टी, आणि वर ह्याला पंख्याचा तबेला हवा.

बाबांचा आवाज काही चढला नाही.

“फार्मवर पहिल्या आंघोळीला ही पट्टी निघेल. तेव्हा तू कुठं असशील?”

“…ओंकारेश्वराच्या पुढं.”

“आणि ही?”

हे सांगायला का शास्त्री लागतो? सगळ्यात मागचं ठाण, उरलासुरला चारा, आणि तबेल्यात कुणाला नुसता ताप आला तरी हिच्या पाठीत काठी.

“घेताना मी हसलो होतो, बाबा,” दलपत खाली बघून म्हणाला. “बाजारात छाती ठोकून बोललो, असले भोवरे दलपत गिरासे मानत नाही. आणि सहा महिन्यांत रतन गेली. गाव म्हणतं, घोडीनं नेली.”

“गावाचं राहू दे. तू काय म्हणतोस?”

दलपतनं घोडीकडे बघितलंही नाही.

बाबांनी पट्टी स्वतःच्या खांद्यावर टाकली. “उघड्या तोंडानं ने तिला. दारात पोचलास की आधी भोवरा दाखव. तबेला नंतर बघ.”

“अशानं कुणी ठेवून घेणार नाही.”

“मग जाऊ नकोस परिक्रमेला.”

“जाणार म्हणजे जाणार!”

“मग ने की.” आणि माझ्याकडे वळून म्हणाले, “तूही जा रे बरोबर. नाहीतर हा वाटेत तिच्या तोंडाला उपरणं गुंडाळायचा.”

निघालो.

फार्मचा मालक हसतच बाहेर आला. “या गिरासे, या! चहा सांगू ना?” दलपतनं घोडीचा गाल पुढे केला. मालकाचं हसू जागच्या जागी विरलं.

“तबेला तुमचाच आहे हो… पण काय झालं, कालच एक पार्टी आली. जागाच उरली नाही बघा.”

त्याच्या मागं रिकामी ठाणं सरळ दिसत होती.

“मग ते पंखे कुणाला वारा घालताहेत?” मी विचारलं. दलपतनं माझा दंड धरून मला बाहेर ओढलं.

पुढचा तबेला एका बागायतदाराचा. त्यानं भोवरा बघितला, हनुवटी खाजवली, आणि म्हणाला, “ठेवतो की. मला काही नाही हो. फक्त तोंडाला काहीतरी बांधून आणा. चार लोक येतात, उगाच बोलतात.”

जागा चांगली होती. सावली, हिरवा चारा, पाण्याचा हौद. दलपत दारात थांबला. माझ्या मनात आलं, संपलं, आता हा हो म्हणणार.

केवडीनं त्याच्या खांद्याला नाक घासलं.

“पट्टी मठात राहिली,” दलपत म्हणाला, आणि माघारी वळला.

उन्हं कलली तेव्हा आम्ही नदीच्या अंगाला जुलेखाभाभीच्या छपराशी पोचलो. नवऱ्याच्या मागं ही बाई एकटी वरातीची घोडी सांभाळते. छपराचे पत्रे दोरीनं बांधलेले. ह्यावेळी दलपतनं लांबूनच हाक दिली.

“भाभी, आधीच सांगतो! घोडी आसूढाळ आहे!”

भाभीचे हात शेणानं भरलेले. ते तिनं सावकाश धुतले, पदराला पुसले आणि जवळ आली. भोवरा बघितला. मग सोलवटलेली कातडी बघितली.

“हे कुणी केलं?”

“…मी.”

ती आत गेली. कोमट पाणी आणि सुती फडकं घेऊन आली, आणि घोडीचा गाल पुसायला लागली. केवडी मान खाली घालून उभी राहिली.

“तुम्हाला भीती नाही वाटत?” दलपतनं विचारलं.

“कशाची?”

“ही दारात आली आणि माझी बायको गेली.”

भाभीनं फडकं पिळलं. “माझा माणूस गेला तेव्हा दारात एकसे एक घोडे होते, भाऊ. पारखून आणलेले. सगळे शुभ भोवऱ्याचे.”

दलपत गव्हाणीच्या कडेवर मटकन बसला. आणि रडला. लहान पोरासारखा हुंदके देऊन रडला. रतनच्या चितेपाशीही कुणी त्याच्या डोळ्यांत पाणी पाहिलं नव्हतं, हे त्यानंच मला नंतर सांगितलं.

मग तो उठला. भाभीच्या हातातलं फडकं घेतलं आणि तो गाल स्वतः पुसायला लागला. भोवऱ्यावरून अंगठा फिरवला… हळू, केसांच्या वळणानं.

“खाते काय?” भाभीनं विचारलं.

“चंदी, कडबा. गूळ आवडतो तिला. रतन द्यायची.”

“देऊ की.”

आम्ही परतलो तेव्हा मठात दिवा लागला होता.

“कसा आहे तबेला?” बाबांनी विचारलं.

“छपराला भोकं आहेत. जाण्याआधी पत्रे बसवून देतो. पंखा नाही, कॅमेरा नाही.”

“मग बघितलंस तरी काय?”

“भाभीनं विचारलं, हे कुणी केलं.”

बाबांनी मान हलवली. खांद्यावरची पट्टी काढली आणि धुनीत टाकली. चामडं आक्रसलं, गोंडे भुर्रकन जळले, सगळ्या मठात घाण वास सुटला. दलपत बघत उभा राहिला. ह्यावेळी त्यानं तोंड फिरवलं नाही.

“भाभीला काय सांगून आलास? नाही आलो, तर घोडी तुमची?”

“नाही. ते नाही सांगितलं.”

“हं…”

पत्रे बसवून झाले, त्याच्या दुसऱ्या सकाळी दलपत काठी-कमंडलू घेऊन पाया पडायला आला. बाबांनी डोक्यावर हात ठेवला. पायऱ्यांपर्यंत तो ताठ गेला, आणि तिथून वळला.

“माई मला सांभाळेल ना, बाबा?”

“नर्मदामाई कुणासाठी थांबत नाही, दलपत. घोडी थांबते.”