म्हाळूची मात

बोरखेडी नावाच्या गावात एक भोळा गडी राहायचा. म्हाळू त्याचं नाव. भोळा म्हणजे कसा? सांगाल ते करायचा, आणि सांगाल तेवढंच करायचा.

म्हाळूचं यमुनेवर मन बसलं होतं, तिचंही त्याच्यावर. पण तिचे वडील केरबातात्या पडले बुद्धिबळाचे वेडे. म्हणाले, "पाडव्याला माझ्याशी डाव मांड. जिंकलास तर पोरगी तुझी."

यमुनेच्या मामांना दया आली. ते म्हाळूला शिकवायला बसले.

"हे बघ, तात्या आपला राजा कोपऱ्यात नेऊन बसवतात. तिथंच तुटून पडायचं. बाकी कशाकडे बघायचं नाही."

"कळलं," म्हाळू म्हणाला.

आणि पडला की तुटून! मामांनी त्याचा वजीर मारला, हत्ती मारले, घोडे मारले. म्हाळूनं बघितलंच नाही.

"अरे गाढवा, वजीर गेला ना तुझा!"

"बघायचं नाही म्हणालात ना?"

मामांनी कपाळावर हात मारला. "बरं, ऐक. आधी राजाच्या पळायच्या वाटा बंद करायच्या."

"आत्ता कळलं."

पुढच्या डावात म्हाळूनं वाटा बंद केल्या. स्वतःच्याच राजाच्या. हत्ती, उंट, प्यादी अशी दाटीवाटीनं बसवली, की राजाला हलायला जागा नाही. मामांनी घोडा उडवून मात केली.

"अरे, समोरच्याचा राजा कोंडायचा! समोरच्याचा! आणि खेळण्याआधी जरा त्याच्या जागी बसून विचार करत जा."

"हे आधी नाही का सांगायचं, मामा?"

पाडवा आला. तात्यांच्या ओसरीवर गाव जमलं. दाराआड यमुना देव पाण्यात घालून बसली. आणि काय सांगू, म्हाळू असा खेळला की तात्यांना घाम फुटला! त्यांचा राजा कोपऱ्यात, वाटा बंद. वजिराची एक चाल, की मात.

म्हाळूनं वजिराला हात घातला. थांबला. उठला.

"तात्या, जरा सरका."

तात्या सरकले. म्हाळू त्यांच्या जागी बसला. विचार केला. समोर राजा दिसला. तात्यांचा घोडा उचलला आणि स्वतःवरच मात केली. पाळी कोणाची होती हेही कोणाला आठवेना.

"मामा, जिंकलो!"

मामांनी दोन्ही हात कपाळावर मारले. तात्या मात्र हसून हसून बेजार. डोळे पुसत म्हणाले, "डाव गेला उडत! इतका सरळ जावई मला कुठं मिळायचा? बोल, द्यायची का पोरगी तुला?"

म्हाळू अजून तात्यांच्याच जागी बसला होता. त्यानं नीट विचार केला.

"ह्या येड्याला?" तो म्हणाला. "मुळीच नाही!"