कावळ्याचे एकच कार्ड

नदीकाठच्या एका जंगलात एक हौशी कावळा राहत असे. नवे काही दिसले की ते आपल्या घरट्यात हवेच, असा त्याचा खाक्या. शेजारच्या जांभळीवर एक खार राहायची. ती संगणकावर हलती चित्रे काढी आणि दरवर्षी जंगलाच्या जत्रेत पडद्यावर दाखवी. त्या वर्षी जत्रेला महिना उरला असताना तिच्या संगणकातले ग्राफिक्स कार्ड जळाले. आता त्याच्याशिवाय चित्र हलायचे कसे? साठवलेले पैसे घेऊन तिने साळिंदराचे दुकान गाठले.

पण त्याच सुमारास कावळ्याने कुठूनसे ऐकले होते, की असले कार्ड दिवसरात्र चालू ठेवले तर ते आकडेमोड करून आभासी नाणी मिळवते. लगेच त्याने एक आणले, पिल्लांना चटका बसू नये म्हणून कापसात गुंडाळले आणि घरट्यात चालू ठेवले. "धंदा नाही हो, नुसती हौस," असे तो सगळ्यांना सांगे. ते ऐकून ससा, मुंगूस, घार, झाडून सगळ्यांनी एकेक कार्ड नेले. खार दुकानात पोचली तेव्हा किंमत दुप्पट झाली होती. उसनेपासने करून ती पुन्हा गेली, तर फळीच रिकामी.

"कावळेदादा, महिनाभर तुमचं कार्ड देता का?" खारीने विचारले. "जत्रा झाली की परत करते."

"दिलं असतं गं, पण नाण्यांचा भाव चढतोय. आणि माझ्या एका कार्डानं असा काय फरक पडणार? दुसरीकडे विचार." खार दारोदार हिंडली. सगळीकडे हेच उत्तर मिळाले.

जत्रेत पडदा कोराच राहिला. कावळ्याची पिल्ले पहिल्या रांगेत बसून रडू लागली. कावळा चिडला. "एवढी कार्डं पळवली तरी कुणी?"

"दादा," खार म्हणाली, "माझं चित्र तुमच्याच घरट्यात आहे. पिल्लं त्यावर पाय शेकतात."

कावळा ओशाळला. उडत जाऊन त्याने कार्ड आणले. पण महिनाभर कापसात कोंडून तापलेले ते कार्ड पडद्यावर क्षणभर उजेड पाडून कायमचे बंद पडले. पिल्ले चित्र न पाहताच झोपली.

तात्पर्य : 'माझ्या एकट्याने काय होते' असे सगळेच म्हणू लागले, की गरजवंताला काही उरत नाही आणि त्याची झळ आपल्या घरालाही लागते.