स्वयंपाकघरातला फोन

टेलिफोनच्या तारेतून इंटरनेट येई, त्या काळची गोष्ट. एकाच तारेवर बाहेरच्या खोलीत मोडेम, आत स्वयंपाकघरात फोन.

"मोडेम बिघडलाय म्हणे, उद्या त्याला..." एवढंच फोनच्या कानी पडलं. पुढचं ऐकायला त्यानं रिसीव्हर बोटभर उचलला, तोच मोडेमचं लागलेलं कनेक्शन तुटलं.

"बाळा, घसा साफ कर की," फोन मोडेमला मायेनं म्हणाला.

"काका, लाइनवर कुणीतरी कान लावतंय हो! तो सापडला नाही, तर मलाच भंगारात टाकतील."

मोडेम पुन्हा किंचाळत लाइन जोडू लागला. पोराचं जमतंय का, हे बघायला काकांनी रिसीव्हर पुन्हा उचलला.

सकाळी भंगारवाल्यानं मोडेम नेला. त्याची भंगाराची भीती खरी निघाली. बिघाड मात्र घरातच राहिला, नव्या मोडेमची वाट बघत.