हजर असल्याचा कागद

तालुक्याच्या भूमापन कार्यालयात बोटाचा ठसा घेणारं हजेरीचं मशीन बसलं आणि रेकॉर्ड रूम सांभाळणाऱ्या कौसल्या मावशींची पंचाईत झाली. तीस वर्षं दाभणाने फाइली शिवून त्यांची बोटं पार गुळगुळीत झाली होती. मशीन दर वेळी लाल दिवा लावून म्हणायचं, "पुन्हा प्रयत्न करा."

कार्यालयाचे प्रमुख वझरकर साहेबांना मात्र मशीनचं भारी कौतुक. "मशीन सांगेल तोच हजर. बाकी मी कुणाचं ऐकणार नाही." तीन दिवसांत मावशींच्या तीन रजा कापल्या गेल्या.

चौथ्या दिवशी जिल्ह्याचे मोठे साहेब तपासणीला आले आणि त्यांनी एका गावाचा जुना नकाशा मागितला. तो कुठल्या कपाटात आहे, हे मावशींशिवाय कुणालाच ठाऊक नव्हतं.

"मावशी, पळा, नकाशा आणा!" वझरकर ओरडले.

मावशी स्टुलावरून हलल्यासुद्धा नाहीत. "कशी आणू साहेब? मी आज आलेलेच नाही. मशीनला विचारा."

"अहो, थट्टा काय करता? माझ्या डोळ्यांसमोर तर बसला आहात!"

मावशींनी कोरा कागद आणि पेन पुढे केलं. "एवढंच लिहून सही करा साहेब. मग मी हजर."

मोठे साहेब खो खो हसले. वझरकरांनी तसं लिहून सही केली. दोन मिनिटांत नकाशा टेबलावर आला आणि संध्याकाळपर्यंत तिन्ही रजाही परत मिळाल्या.

दुसऱ्या दिवशी मशीनशेजारी हजेरीपुस्तक टांगलं गेलं. त्यात पहिली सही मावशींनी केली. दुसरी वझरकर साहेबांची होती, कारण त्या सकाळी वीज गेली होती.