डोंगराचं दावं

गावाच्या दक्षिणेला तो सुळका दिसतोय ना, त्याला बांधल्या म्हणतात. त्याच्या गळ्यात दोर आहे, नीट बघा. बैलाच्या गळ्यात असतो तसाच. त्याचं दुसरं टोक खाली येऊन त्या उभ्या दगडाला बांधलंय. शहरातनं आलेले विचारतात, हा चढायचा दोर का? चढायचा असता तर म्हाताऱ्यांनी कधीच काढून टाकला असता, पोरं वर जातात म्हणून. ते डोंगराचं दावं आहे. डोंगर पळू नये म्हणून घातलंय.

हसू नका. गोष्ट अशी सांगतात.

फार मागं इथं ठकी नावाची विधवा बाई होती. भात झोडून कणगीत पडलं, की उन्हाळ्याच्या तोंडाला भाताच्या रोपांसाठी राब भाजायला घेईपर्यंत गावाला काडीचं काम नसायचं. थंडी तर अशी, की घोंगडीतनं हात बाहेर काढायचा म्हणजे विचार करावा लागायचा. माणसं दिवसभर शेकोटीला चिकटलेली. बोलून बोलून बोलणं संपलं, की खोड्या सुरू. झोपलेल्याचं धोतर बाजेला बांध, कुणाच्या कोंबड्याला काजळ लाव. त्याचाही कंटाळा आला, की भांडणं. आणि भांडणाचाही आला, की तरणी पोरं उठून घाट उतरायची. कोकणात उबारा असतो, म्हणायची. गेलेलं पोर परत यायचं नाही.

ठकीचा थोरला असाच गेला होता. तिनं दोन हिवाळे उंबऱ्यात बसून वाट बघितली. आता धाकटा, भागा, शेकोटीवरनं उठला आणि म्हणाला, "आये, भाकरी बांधून दे. मी चाललो खाली."

"खाली काय आहे?"

"इथं काय आहे?"

ठकीनं परात ओढली. पीठ मळता मळता तिची नजर उंबऱ्यावर गेली. दुपारची उन्हं होती आणि सुळक्याची सावली उंबऱ्याला टेकली होती. ती तशीच पिठाच्या हातानं शेकोटीवर गेली.

"डोंगर चाललाय," ती म्हणाली. "परवा सावली अंगणात होती. आज उंबऱ्याला लागली. उद्या घरात येईल. तोसुद्धा कंटाळला असंल, बसून बसून."

माणसं हसली, म्हणे. पण दुसरा उद्योग नव्हताच, म्हणून बघायला आली. सावलीच्या टोकावर कोळशानं रेघ मारली. दोन-चार दिवसांनी सावली रेघेच्या पुढं. मग हसणं बंद झालं. कामाच्या दिवसांत दुपारी घरी कोण असतं? बाकीच्या वर्षात सावली कुठं पडते, ते कुणी कधी बघितलंच नव्हतं.

"आता काय करायचं, काकी?" एकानं विचारलं.

"बैल दावणीतनं सुटायला लागला तर काय करता? दावं घाला."

झालं. ओढ्यात अंबाडी भिजत पडली. बायांनी साली सोलल्या, पोरांनी बडवल्या, पुरुष निघालेल्या वाकाचा दोर वळायला बसले. म्हातारे एकमेकांच्या पिळात खोट काढायला लागले, तेही कामाला लागल्यासारखंच. भागा अंगानं दांडगा, म्हणून ठकीनं त्याला पीळ धरायला टोकाला उभा केला.

"मी उद्या जाणार आहे," तो म्हणाला.

"जा की. पण टोक सोडलंस तर सगळा पीळ उलगडंल. आजचं एवढं होऊ दे."

रोज आजचं एवढं होऊ दे. दोर मांडीएवढा जाड झाला, संक्रांतीला तीन आठवडे असताना सुळक्याच्या गळ्यात पडला. भागानंच वर चढून तो ओढून घेतला. आणि खरंच, सावली मागं सरकायला लागली. उंबऱ्यावरनं अंगणात, अंगणातनं बांधावर. गावानं नारळ फोडला. मग राब भाजायचे दिवस आले आणि कोकणाची आठवण कुणाला राहिली नाही.

पावसात दोर कुजून तुटला. पुढच्या मार्गशीर्षात सावली परत उंबऱ्याकडं निघाली, तशी अंबाडी परत ओढ्यात पडली. भागा मात्र उंबऱ्यात आईजवळ येऊन बसला.

"आये, अख्ख्या पावसात दोर नव्हता. तरी डोंगर जागेवर होता. ही सावली थंडीत येतीय, थंडी सरली की आपसूक जातीय."

"माहीत आहे," ठकी म्हणाली. "तुझ्या भावाची वाट बघत इथंच बसले होते मी. दोन्ही हिवाळे बघितलंय तिला, येताना आणि जाताना."

"मग डोंगर पळतोय असं का सांगितलंस?"

"डोंगर कुठं जाणार होता? जाणारा तू होतास."

भागा उठला. मग ओढ्यावर गेला. लोकांनी विचारलं, सावली कुठवर आली? तो म्हणाला, "उंबऱ्याला टेकलीय. हात चालवा जरा." आणि टोक धरून उभा राहिला.

आजही दरसाल थंडीत, जुनं तगलेलं असलं तरी, नवं दावं वळतात. पोरं आता पुण्या-नाशकाला कामाला असतात, पण पीळ धरायला येतात. सावलीचं खरं काय ते सगळ्यांना ठाऊक आहे. तरी कोळशाची रेघ मारतात, आणि ती ओलांडली की गंभीर तोंड करून ओढ्यावर जातात. तुम्ही नुसते उभे आहात ना? मग हे टोक धरा. सोडू मात्र नका.