जिरेनियम परीचे तीन थेंब

गुंजाच्या घरात सगळं एकेकच होतं. एक चूल, एक गोधडी आणि एक दोरीचा पाळणा. पाळण्यात तिचा दोन महिन्यांचा भाऊ, गोटू. नव्हतं ते फक्त आईचं गाणं. दिवसभर जिरेनियमच्या शेतात तेलासाठी सुगंधी पाला कापून आईचे पाय इतके भरून यायचे, की गाणं गुणगुणायलाही त्राण उरायचं नाही. गोटू रडायचा आणि गुंजाच पाळण्याची दोरी ओढत बसायची.

एका सोनेरी संध्याकाळी शेताच्या बांधावर तिला एक इवलंसं रोप उपटून पडलेलं दिसलं. तिने ते मातीत लावलं, ओंजळीने पाणी घातलं. लगेच गुलाबासारखा गोड, लिंबासारखा आंबटसर वास दरवळला आणि गुलाबी फुलातून अंगठ्याएवढी परी बाहेर आली! पंख चमचमणारे, नाकाच्या शेंड्यावर पिवळा पराग.

"माझं रोप वाचवलंस, बाळे. काय हवं, माग."

"आईचं गाणं हवंय मला. पाय दुखतात, म्हणून ती गातच नाही," गुंजा म्हणाली.

परीने तिला बोराएवढी कुपी दिली. "यात आमच्या पानांच्या तेलाचे तीन थेंब आहेत. आईच्या दमल्या पायांना चोळ. पण नियम ऐक हं! एका वेळी एकच थेंब, तोही मोठा चमचाभर खोबरेल तेलात मिसळून. आधी कोपराच्या आतल्या बाजूला जरासं लावायचं आणि एक दिवस थांबायचं. तोंडात नाही, डोळ्यांजवळ नाही. आणि तान्ह्या बाळाला तर मुळीच नाही."

सकाळी येसूआत्या गोटूला न्हाऊ घालायला आली. गावातली सगळी बाळं तिच्याच पायांवर न्हायलेली, त्यामुळे तिला शिकवायला जायची कुणाची टाप नव्हती.

"अगं बाई, काय वास आहे!" गुंजाने कोनाड्यात ठेवलेली कुपी तिने उचलली. "टाळूला घालते. गाढ झोपेल बघ लेकरू."

"आत्या, नको! बाळाला चालत नाही ते."

"एवढीशी पोर मला शिकवतेय! चाळीस वर्षं टाळू भरतेय मी." आणि आत्याने कुपी उपडी केली.

गुंजाने झटकन आपला तळहात गोटूच्या टाळूवर ठेवला. टप, टप! दोन थेंब तिच्या हाताच्या पाठीवर पडले, तशी आत्याने दचकून कुपी सरळ केली. थोड्याच वेळात तिथे लालेलाल झालं आणि आग व्हायला लागली. गुंजाच्या डोळ्यांत पाणी आलं, पण आत्याने कुपी परत कोनाड्यात ठेवेपर्यंत तिने हात काढला नाही.

आत्याचा चेहराच उतरला. तिने साध्या खोबरेलाने गुंजाचा हात पुसून घेतला, साबणाने हळूच धुतला. "हे माझ्या गोटूच्या टाळूवर पडलं असतं तर गं? चुकलं माझं, पोरी. आता सांग तुझे नियम."

कुपीत एकच थेंब उरला होता. आत्याने स्वतः चमचाभर खोबरेल मोजून त्यात तो मिसळला, आईच्या कोपराला लावला आणि चक्क एक दिवस थांबली. काही झालं नाही, तेव्हा दुसऱ्या संध्याकाळी तिने आईचे पाय मांडीवर घेऊन असे चोळले, असे चोळले, की आईने डोळे मिटले. घरभर मंद वास पसरला. आणि आई गुणगुणायला लागली! आधी हळू, मग अगदी पूर्वीसारखं मोकळं.

खिडकीत परी लुकलुकली.

"दोन थेंब वाया गेले गं," गुंजा कुजबुजली.

"वाया? तू हात पुढे केलास, म्हणून बाळ वाचलं." परीने तिच्या लालसर हातावर फुंकर घातली. हात पुन्हा मऊ झाला. गुलाबी उजेड अंगणभर सांडला, परी त्यात मिसळून गेली आणि अंगणात जिरेनियमची हिरवीगार रांग डुलायला लागली.

गोटूच्या टाळूवर साधं खोबरेलच होतं. आईच्या गाण्याने तो दोन ओळींतच झोपला. त्याच्याही आधी घोरायला लागली होती येसूआत्या!