चिंधीमायच्या झबल्याची कहाणी

ऐका चिंधीमाय, तुमची कहाणी. बायांनो, वाती वळायच्या तर वळा, पण मधे बोलू नका. ही कहाणी गोड नाही, आधीच सांगते.

आटपाट नगर होतं, नगराला ऊन फार होतं. चैत्रात विहिरी आटत, वैशाखात दगड तापत. नगराला राजा होता, राजाला राणी होती. नगराबाहेर दगडाची खाण होती, खाणीवर गरीब बाया राबत. लेकरं कुठं ठेवणार? दगडांच्या ढिगाशी बसवत, डोक्यावर ऊन, पाठीवर ऊन.

नगरात एक चाल होती. गुढी उतरली की वाड्यात उन्हाळ्याचे कपडे बेतायचे. शिंपी यायचा, ताग्यावर तागे उलगडायचा. राजाला अंगरखे व्हायचे, राणीला चोळ्या व्हायच्या, दासींना पोलकी व्हायची. मग जे कापड उरायचं त्याचं गाठोडं मागच्या दाराच्या पायरीवर ठेवायचे. खाणीवरच्या बाया येत. कुणी हातभर नेई, कुणी वीतभर नेई, चार तुकडे जोडून लेकरांना झबली शिवत. पुढचा नि मागचा असे दोन पल्ले, दोन खांदे, दोन बगला, मानेशी एक बंद. बाही नाही, अस्तर नाही, कसला थाट नाही. पण पाठ झाके, आतून वारा खेळे, लेकरू उन्हाळा काढी. ही चाल कुणी घातली? चिंधीमायनं घातली. का घातली, ते राणीला ठाऊक नव्हतं.

पुढं काय झालं? नवस झाले, सायास झाले, मग राणीला लेक झाली. लेक झाली आणि राणीच्या मनात भीती शिरली. बारशाला आलेल्या बाया कुजबुजल्या, लेकराच्या कापडातली चिंधी बाहेर गेली की त्या चिंधीवर करणी होते. कुणी म्हणालं ऐकलंय, कुणी म्हणालं पाहिलंय. तुम्हीही म्हणता, मला माहीत आहे. मग राणीनं हुकूम केला, "वाड्यातलं एक सूत बाहेर जाता कामा नये. उरेल ते परसात जाळा."

चैत्र आला. गुढी उतरली, कपडे बेतले. पहिल्या दिवशी बाया पायरीशी आल्या, उभ्या राहिल्या, परत गेल्या. दुसऱ्या दिवशी आल्या, उभ्या राहिल्या, परत गेल्या. तिसऱ्या दिवशी परसातून धूर आला, कापड जळल्याचा वास आला. मग बाया काय समजायचं ते समजल्या.

त्यांच्यात एक ठकू होती. नवरा दरडीखाली गेलेला, पदरात एकच लेक, तिचं नाव तानी. तीन वर्षांची पोर, कडेवर घेऊन आलेली. सगळ्या गेल्या, ठकू उभी राहिली. वर खिडकीत राणी दिसली तशी म्हणाली, "बाईसाहेब, एक वीत द्या. पोरीची पाठ भाजतीया."

राणीनं ऐकलं. खिडकी लावून घेतली.

मग ठकूनं काय केलं? अंगावर एकच लुगडं, त्याचा पदर फाडला. कामावरून आली की दोन टाके घाली, भाकरी थापली की दोन टाके घाली. पोर विचारी, "आय, झालं का गं?" ठकू म्हणे, "झालं गं, एक खांदा ऱ्हायला." पण ऊन कुणाच्या खांद्याची वाट बघत नाही. वैशाखातली दुपार होती. तानी दगडांच्या ढिगाशी बसलेली. पाणी मागितलं, ठकूनं आणलं, पोर प्यायली नाही. मान टाकली ती टाकलीच.

ठकू घरी आली. राहिलेला खांदा शिवला. लेकीला झबलं घातलं, मानेशी बंद बांधला आणि घातल्या कपड्यानं लेक पोचवली. पदराचे चार तुकडे उरले. त्यांची गाठ मारली, वळचणीला खोचली. रडली नाही. दुसऱ्या दिवशी खाणीवर गेली.

वर्ष गेलं. पुन्हा चैत्र आला. राणीची लेक पावलं टाकायला लागलेली, पायांत वाळे, रुणुझुणु सारा वाडा फिरायची. एके दिवशी ती तापली. वैद्य झाले, वाळ्याचे पडदे झाले, चंदनाचे लेप झाले. ताप हटेना. अंगावर कापड घातलं की पोर किंचाळे, काढलं की अंग लाल होई. राणीनं अन्न टाकलं, पाणी टाकलं, देव्हाऱ्यापुढं बसून राहिली.

मग दारात एक म्हातारी आली. लुगड्याला इतकी ठिगळं की मूळचं कापड कुठलं ते कळेना. म्हणाली, "राणी राणी, का रडतेस?"

"लेक तापलीय. अंगाला कापड सोसत नाही."

"सांगीन, पण तुला जड जाईल."

"सांगा आजी, लेकीपुढं काही जड नाही."

"उरल्या कापडाचं झबलं कर. आपल्या हातानं शीव, लेकीला घाल. गारवा येईल." असं म्हणाली आणि निघून गेली.

राणीनं दासीला हाक मारली, "उरलेलं कापड आण." दासी म्हणाली, "बाईसाहेब, उरलेलं कुठलं? सगळं जाळायला सांगितलंत." मग राणीनं काय केलं? रेशमाचा कोरा तागा काढला, कातरीनं तुकडे केले, तुकडे जोडले, झबलं शिवलं. लेकीला घातलं, लेक किंचाळली. मग मलमलीचा तागा काढला, तुकडे केले, तुकडे जोडले, झबलं शिवलं. लेकीला घातलं, लेकीच्या अंगाला फोड आले. मग स्वतःचा लग्नातला शालू काढला, तुकडे केले, तुकडे जोडले, झबलं शिवलं. लेकीला घातलं, तशी लेकीनं रडायचंसुद्धा सोडलं, नुसती डोळे लावून पडली.

म्हातारी पुन्हा दारात. राणी तिच्यावर उसळली, "तुकड्यांचं केलं, तुम्ही सांगितलंत तसं केलं, गुण नाही."

म्हातारी म्हणाली, "वेडे, कोरा तागा कापला म्हणून चिंधी होते का? आधी कुणाचं तरी अंग झाकतं, मग जे मागं राहतं ते उरलेलं. तुझ्या या तुकड्यांनी कुणाचं अंग झाकलं? जा, नगरात शोध."

मग राणी निघाली. पायी निघाली, लेक कडेवर घेतली. पहिल्या घरी गेली, "बाई, उरलेलं कापड द्या." बाई म्हणाली, "अंगभर न्हाई, उरंल कुठलं?" दुसऱ्या घरी गेली, "बाई, उरलेलं कापड द्या." बाई म्हणाली, "हुतं, ते पोराच्या भाजल्या पायाला बांधलं." तिसऱ्या घरी गेली. तिथल्या बाईनं तिला ओळखलं आणि कवाड लावून घेतलं. राणीला आपण लावलेली खिडकी आठवली. तरी पुढं गेली.

खाणीच्या कडेला ठकूचं खोपट. ठकू दारात बसलेली. राणीला पाहून उठली नाही. म्हणाली, "बसा बाईसाहेब. सावली हितं एवढीच हाय."

राणी बसली. म्हणाली, "उरलेलं कापड असेल तर द्या. लेक जाते माझी."

ठकू म्हणाली, "हाय. पर तुमच्या कामाचं न्हाई. माझ्या तानीला पोचवताना झबलं घातलं, त्यातलं उरलंय. तुम्ही तर जित्या माणसांच्या चिंधीला भ्याला. हे तुमच्या लेकीच्या अंगाला लावाल?"

राणीनं लेक घट्ट धरली. मेल्या पोरीच्या कपड्यातली चिंधी, तीही खाणीवरच्या पोरीची, तीही जिला आपण नाही म्हटलं तिची. राणी लेक घेऊन उठली. दोन पावलं गेली. कडेवरची पोर कण्हली, आणि राणी माघारी फिरली. पदर पसरला. म्हणाली, "लावीन. द्या."

मग ठकूनं वळचणीची गाठ काढली. काढली, पण देईना. छातीशी धरून म्हणाली, "एवढंच ऱ्हायलंय तिचं. हे दिलं की माझ्यापाशी तिचं कायबी न्हाई."

यावर राणीनं काय बोलावं? सोनं देते म्हणावं? राज्य देते म्हणावं? तिला तेवढी अक्कल आली होती. ती मागायचीसुद्धा थांबली. लेकीवर आपली सावली धरून उन्हात बसून राहिली.

ठकूनं हात पुढं केला, राजकन्येच्या पाठीला लावला. लावला आणि झटक्यानं मागं घेतला. म्हणाली, "हीच धग. माझ्या हाताला ठावी हाय." मग गाठ सोडली.

ठकूच्या घरी कातर नव्हती. दातानं सूत तोडलं, हातानं कापड फाडलं, उभ्या सुताशी उभं, आडव्या सुताशी आडवं. चार तुकड्यांचे दोन पल्ले बेतले. सुई राणीच्या हातात दिली. राणीनं धावदोरा घातला, टाके कोंबडीच्या पावलांसारखे गेले. ठकू म्हणाली, "उसवा." राणीनं उसवलं, पुन्हा घातले, बोटात सुई गेली. ठकू म्हणाली, "उसवा. हे लेकराच्या बगलंत काचंल." राणीनं उसवलं, तिसऱ्यांदा घातले. या वेळी ठकू काही बोलली नाही. दोन खांदे झाले, दोन बगला झाल्या, मानेशी बंद झाला. लेकीला झबलं घातलं.

लेक किंचाळली नाही. घटकाभरानं कपाळावर घाम आला, मग मानेवर आला, मग पाठीवर आला. ताप उतरला. पोरीनं पाणी मागितलं. ठकूनं मडक्यातलं दिलं, पोर घटाघटा प्यायली. ठकू ते बघत राहिली, मग तोंड फिरवून बसली.

म्हातारी दारात उभी. राणीनं पाय धरले, "तुम्ही कोण?" "मी चिंधीमाय." राणी म्हणाली, "माझी लेक दिलीत, हिचीही द्या. चूक माझी, भोगलं हिनं."

इथं कुणीतरी विचारतंच, म्हणून आधीच सांगते. बाकीच्या कहाण्यांत मेलेली उठतात, बुडालेली वर येतात. या कहाणीत येत नाहीत. मीही सासूबाईंना विचारलं होतं, असं का हो? त्या म्हणाल्या, "पुढं वाच."

चिंधीमाय म्हणाली, "जळल्या कापडाचं पुन्हा सूत होत नाही. ते माझ्याही हातात नाही." असं म्हणताना तिनं ठकूकडं पाहिलं नाही. तिला पाहवलं नाही.

मग राणीनं विचारलं, "मी काय करू?" चिंधीमाय म्हणाली, "वसा घे. चैत्रात कापड बेतशील तेव्हा जपून बेत, उरेल ते सांभाळ. जाळू नये, कोंडू नये, दाराशी आलेल्याला उद्या ये म्हणू नये. पहिलं झबलं परक्या लेकराचं शिवावं, मग घरच्याचं. ते आपल्या हातानं शिवावं, काचेल ते उसवावं. उतू नये, मातू नये, सुई उघडी टाकू नये." इतकं बोलली आणि दिसेनाशी झाली.

राणीनं वसा घेतला. मागलं दार उघडलं. पुढल्या चैत्रात उरलं कापड घेऊन ठकूच्या खोपटाशी गेली. म्हणाली, "ठकूबाई, तुम्ही बेता, मी शिवते." ठकूनं कापड मांडीवर घेतलं, बोटांनी मापलं, फाडलं. राणीनं विचारलं, "हे माप कुणाचं?"

ठकू म्हणाली, "तानीचं. आता दोन बोटं वाढली असती."

राणी खाली मान घालून शिवत बसली. झबलं झालं, खाणीवरच्या एका पोरीला अंगाबरोबर बसलं. ती पळत गेली. ठकूनं तिला पाठमोरी पाहिली आणि आत गेली.

मग दर चैत्रात तसंच झालं. राणी कापड आणी, ठकू माप वाढवी, दोन बोटं लांबीला, एक बोट छातीला. झबल्याचं पोलकं झालं, पोलक्याची चोळी झाली. दरवर्षी त्या मापाची कुणीतरी पोर नगरात असे, तिचं अंग झाके. राणीची लेकही वाढली, सासरी गेली. राणीचे केस पिकले, पण दोघींचं बोलणं टाक्यापलीकडं गेलं नाही. ठकूनं राणीला माफ केलं का? कहाणीत तसं लिहिलेलं नाही.

एका चैत्रात राणी कापड घेऊन गेली. ठकूनं मांडीवर घेतलं, बोटं ठेवली, मागच्या सालचंच माप धरलं. राणी म्हणाली, "ठकूबाई, वाढवायचं राहिलं."

ठकू म्हणाली, "आता न्हाई वाढवायचं. पोर थोर झाली."

असं म्हणाली, कापड तोंडाशी धरलं आणि रडली. तानी गेल्यापासून पहिल्यांदा रडली. राणीनं सुई दोऱ्याच्या गुंडाळीत खोचून ठेवली आणि तिच्याशेजारी बसली. सावली एवढीच होती, त्यातच दोघी बसल्या.

जशी चिंधीमाय राणीला पावली, तशी तुम्हां आम्हां पावो. जशी ठकूला पावायची राहिली, तशी कुणाला राहू नये. तुमच्या दारची चिंधी वेळेवर बाहेर जावो, कुणा लेकराचा शेवटचा खांदा शिवायचा न राहो. ही साठां टाक्यांची कहाणी पांचां टाक्यांत घातली, गाठ मारली, दोरा तोडला, सुफळ संपूर्ण.